उतारा समोर नसताना

प्रिय ताई,

मी न्यू जर्सीत अकरावीत शिकते. मी सातवीत असताना आम्ही भारतातून इथे आलो. गेल्या शनिवारी मी एसएटी, म्हणजे इथल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, दिली. हॉलमधून बाहेर पडले तेव्हा सगळं ठीक वाटत होतं. मग पार्किंगमध्ये आम्ही सहा जणी जमलो आणि उत्तरं जुळवायला लागलो. वाचनाच्या एका प्रश्नात मी आधी एक पर्याय निवडला होता आणि शेवटच्या मिनिटाला तो बदलला होता. चौघींनी माझा पहिलाच पर्याय बरोबर असल्याचं सांगितलं. त्या चौघी इथेच जन्मल्या आहेत, त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, म्हणजे त्याच बरोबर असणार. संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी एक फाइल उघडली. प्रत्येकीने आठवतील ते प्रश्न त्यात लिहायचे आणि उत्तर ठरवायचं. त्या फाइलप्रमाणे माझी नऊ उत्तरं चुकली आहेत. त्यातच मी माझ्या सगळ्यांत जवळच्या मैत्रिणीला सगळ्यांसमोर "तुझं साफ चुकलंय" म्हणाले, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आई म्हणते, स्कोअर येईपर्यंत थांब. बाबा म्हणतात, बाकीच्यांना पेपर कसा गेला ते विचारून घे. स्कोअर रद्द करता येतो असं कळलं, पण त्याची मुदत दोन दिवसांत संपते. रद्द करू का?

– क.

प्रिय क.,

हे सदर प्रसिद्ध होईपर्यंत तुझी मुदत उलटून गेली असती, म्हणून 'रद्द करू नकोस' एवढं तुला आधीच कळवलं होतं. आता कारणं सांगते. दर परीक्षेनंतर माझ्याकडे अशी पत्रं येतात. लिहिणाऱ्या मुलांची झोप खरोखर उडालेली असते, आणि त्यांना 'काळजी करू नकोस' एवढंच सांगून भागत नाही.

रद्द केलेला स्कोअर कॉलेजला दिसत नाही, तसा तो तुलाही कधीच दिसत नाही. निर्णय मागे घेता येत नाही. वाचन-लेखनाचा भाग टाकून गणिताचा ठेवायचा, अशी सोयही नाही. त्या दिवसाचं सगळंच जातं. शिवाय बऱ्याच कॉलेजांना कोणत्या तारखेचा स्कोअर पाठवायचा ते तू ठरवू शकतेस. काही कॉलेजं सगळे स्कोअर मागतात, पण त्यांतली अनेक वेगवेगळ्या तारखांमधला प्रत्येक विभागाचा सर्वांत चांगला आकडाच धरतात. म्हणजे स्कोअर कमी आला तरी तुझं फार बिघडत नाही, आणि चांगला आलेला न पाहताच फेकून दिला तर मात्र पुन्हा तीच सगळी मेहनत. परीक्षेच्या मध्येच आजारी पडून कुणी अर्धा पेपर सोडून आलं असेल, तर रद्द करण्याला अर्थ आहे. तू पूर्ण पेपर सोडवून, ठीक वाटत असताना बाहेर आलीस. त्या हॉलमधलं तुझं मत एकट्या तुझं होतं आणि उतारा समोर असतानाचं होतं. पार्किंगमध्ये तयार झालेल्या मतापेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवीन.

आता तुझ्या 'नऊ चुका' पाहू.

२०२४ च्या मार्चपासून अमेरिकेत ही परीक्षा संगणकावर होते. वाचन-लेखनाच्या विभागात दोन मॉड्यूल, म्हणजे उपभाग असतात, प्रत्येकी ३२ मिनिटं आणि २७ प्रश्न. पहिल्या मॉड्यूलमध्ये तुझी कामगिरी कशी झाली त्यावरून दुसरं अवघड द्यायचं की तुलनेने सोपं, हे ठरतं. म्हणजे सहा जणींपैकी कुणाकुणाचं दुसरं मॉड्यूल मुळातच वेगळं असणार. पहिल्यातही सगळ्यांना तेच प्रश्न येतात असं नाही. ते मोठ्या साठ्यातून निवडलेले असतात. एकीचा चौदावा प्रश्न दुसरीचा चौदावा नसतो. त्यात प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन प्रश्न गुण न मोजले जाणारे असतात. पुढच्या परीक्षांसाठी ते नुसते तपासले जात असतात, आणि कोणते दोन ते विद्यार्थ्याला सांगत नाहीत. तुम्ही अर्धा तास ज्यावर भांडलात तो प्रश्न कदाचित मोजलाच जाणार नाही. जे मोजले जातात त्यांचंही वजन सारखं नसतं. स्कोअर काढताना किती बरोबर आले याबरोबरच कोणते बरोबर आले हेही पाहिलं जातं, त्यामुळे 'एवढे चुकले म्हणजे एवढे गुण' असं कोष्टक तुमच्यापैकी कुणाकडेही असू शकत नाही.

आणखी एक. वाचन-लेखनाच्या त्या ५४ प्रश्नांमध्ये वाचून समजण्याचे प्रश्न साधारण निम्मेच असतात. उरलेले व्याकरणाचे, विरामचिन्हांचे, दोन वाक्यं जोडणारा योग्य शब्द निवडण्याचे, टिपणांवरून वाक्य तयार करण्याचे. पार्किंगमध्ये अर्धविरामावर कुणी वाद घातला का? नसेलच घातला, कारण अर्धविराम लक्षात राहत नाही, गोष्ट लक्षात राहते. ज्या निम्म्या भागाबद्दल कुणाला काहीच आठवत नव्हतं तो तुझ्या हिशेबात आलाच नाही. तुझ्या नऊ चुका म्हणजे आठवलेल्या प्रश्नांमधली मतभिन्नता आहे. त्यावरून निकाल सांगता येत नाही.

वाचनाच्या प्रश्नांचं उत्तर आठवणीवरून जुळवता का येत नाही, हे मला जरा थांबून सांगायचं आहे. गणितात एकीचं उत्तर १२ आलं आणि दुसरीचं १५, तर निदान आपली उत्तरं वेगळी आहेत एवढं नक्की कळतं. वाचनात तेही कळत नाही.

तुला समजावं म्हणून एक उतारा रचते. त्यातला अभ्यास काल्पनिक आहे.

'शहरातले काही पक्षी गावाकडच्या आपल्याच जातीच्या पक्ष्यांपेक्षा उंच पट्टीत गातात. वाहनांचा गोंगाट खालच्या पट्टीत असतो, त्यातून आवाज ऐकू जावा म्हणून ते असं करतात, असं मानलं जात होतं. एका अभ्यासक महिलेला मात्र आढळलं की वाहनांचा आवाज जिथे पोहोचत नाही अशा शहरातल्या बागांमध्येही पक्षी तितक्याच उंच पट्टीत गातात.'

या निरीक्षणावरून कोणता निष्कर्ष काढता येईल? चार पर्याय असे. पहिला: वाहनांच्या गोंगाटाचा पक्ष्यांच्या गाण्यावर काहीही परिणाम होत नाही. दुसरा: उंच पट्टीत गाण्यामागे केवळ वाहनांचा गोंगाटच असेल असं नाही. तिसरा: शांत बागांमधले पक्षी गावाकडच्या पक्ष्यांसारखे गातात. चौथा: शहरातले पक्षी गावाकडच्या पक्ष्यांपेक्षा मोठ्याने गातात.

तिसरा पर्याय उताऱ्याच्या उलट जातो. चौथा पट्टीऐवजी आवाजाच्या मोठेपणाबद्दल बोलतो. उरतात पहिले दोन. पहिला फार पुढे धावतो: शांत बागेतही पक्षी उंच गातात एवढ्यावरून गोंगाटाचा काहीच परिणाम नाही, असं म्हणता येत नाही. दुसरा तेवढंच म्हणतो जेवढं निरीक्षणातून निघतं. तो बरोबर.

आता एकीने पहिला निवडला, दुसरीने दुसरा, आणि दोघी पार्किंगमध्ये भेटल्या असं समज. एक म्हणेल, "पक्ष्यांच्या प्रश्नाचं उत्तर गोंगाट हे कारण नाही, असंच होतं ना?" दुसरी म्हणेल, "हो, तेच." दोघी खूश. प्रत्यक्षात एकीचं चुकलं आहे. किंवा दोघींनी दुसराच पर्याय निवडला असेल, पण एकीच्या लक्षात 'गोंगाट हे कारण नाही' असं राहिलं आणि दुसरीच्या लक्षात 'गोंगाटाबरोबर इतरही कारणं असतील' असं. मग त्या भांडतील, आणि दोघींपैकी एक रात्रभर रडेल. दोघींचं उत्तर तर एकच होतं! 'काहीही' आणि 'केवळ' या दोन शब्दांवर तो प्रश्न उभा आहे आणि नेमके तेच शब्द आठवणीतून आधी गळतात.

मानसशास्त्रात हे फार पूर्वी दिसून आलं आहे. १९६७ साली जॅकलिन सॅक्स यांनी लोकांना उतारे ऐकवले आणि मध्येच थांबवून आधीचं एखादं वाक्य पुन्हा ऐकवलं, कधी जसंच्या तसं, कधी थोडं बदलून. पुढचा जेमतेम ८० अक्षरांचा मजकूर ऐकून झाला होता, तरी वाक्याची रचना बदलली आहे का हे लोकांना नीट सांगता येईना. अर्थ बदलला असेल तर मात्र ते लगेच ओळखत. म्हणजे मन अर्थ ठेवतं आणि शब्द सोडून देतं. एरवी हे उत्तमच आहे, नाहीतर आपल्याला काही वाचताच आलं नसतं. पण पर्यायांमधला फरक एका शब्दाचा असतो आणि तुम्ही बोलत होतात दोन तासांनी. वाचन-लेखनाचा विभाग आधी होतो, मग मधली सुट्टी, मग ७० मिनिटांचं गणित. पार्किंगमध्ये पोहोचेपर्यंत तुमच्यापैकी कुणाकडेही मूळ शब्द उरले नव्हते.

त्यामुळे चौघी एकीकडे आणि तू एकटी दुसरीकडे, याचं तू घेतलंस तेवढं मनावर घेऊ नकोस. पहिली जण ठामपणे बोलली. दुसरीला नीट आठवत नव्हतं, पण पहिलीचं ऐकून आठवल्यासारखं वाटलं. तिसरीपर्यंत ती सगळ्यांची आठवण झाली. यात कुणी खोटं बोलत नाही. तुझ्या फाइलमध्येही हेच घडलं असणार: जिने प्रश्न आधी लिहिला तिच्या शब्दांत तो प्रश्न कायम झाला.

तू उत्तर बदललंस त्याबद्दलही सांगायला हवं, कारण 'पहिलंच ठेवायला हवं होतं' हे वाक्य तुझ्या पत्रात जागोजागी होतं (इथे मी पत्र थोडं कापलं आहे). पहिलं मनात आलेलं उत्तरच बरोबर असतं, ही समजूत फार पक्की आहे. २००५ साली क्रुगर, वर्ट्झ आणि मिलर या संशोधकांनी इलिनॉय विद्यापीठातल्या दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडीच्या खुणा तपासल्या. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीवरून बरोबरवर गेली होती, २५ टक्के बरोबरवरून चुकीवर, आणि बाकीची एका चुकीवरून दुसऱ्या चुकीवर. म्हणजे बदलण्यातून बिघडण्यापेक्षा सुधारण्याची शक्यता दुप्पट होती. तरी मुलांना उलटंच वाटतं, कारण बदलून चुकलेलं उत्तर जिव्हारी लागतं आणि बदलून बरोबर आलेलं आपण विसरून जातो. तू उतारा पुन्हा वाचलास, काहीतरी खटकलं, म्हणून बदललंस. त्या क्षणी ते करण्याजोगंच होतं, उत्तर काहीही निघो.

आणि 'त्या इथे जन्मल्या आहेत' याबद्दल. त्यांचा कान तयार आहे, हे खरं. व्याकरणाच्या काही प्रश्नांत त्यांना त्याचा फायदा होईल, वेगातही होईल. एका प्रश्नाला सरासरी ७१ सेकंद मिळतात आणि परक्या भाषेत सुरुवात केलेल्याला ते कमी पडतात, हे मी नाकारत नाही. पण वाचनाच्या प्रश्नांतले चुकीचे पर्याय कानाला गोड लागावेत असेच रचलेले असतात. उताऱ्यातलेच शब्द उचलून वाक्य सजवलेलं असतं, फक्त दावा थोडा मोठा केलेला असतो, किंवा बोलणं खरं असतं पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नसतं. तिथे भाषा कुठे शिकलो याचा उपयोग संपतो आणि ओळीवर बोट ठेवून 'हे इथे म्हटलंय का?' असं विचारण्याची सवय कामाला येते. ती सवय तुला आहे की नाही हे मला माहीत नाही. ती लावून घेता येते आणि कुठेही जन्मलेल्या मुलीला लावून घ्यावी लागते.

आता फाइल. हे मी कडक शब्दांत सांगणार आहे. त्या फाइलमध्ये यापुढे एक ओळही लिहू नकोस आणि त्या फाइलमधून बाहेर पड. परीक्षेला बसण्याआधी तू ज्या अटी मान्य केल्यास त्यांत हे स्पष्ट आहे की ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने स्वतः प्रसिद्ध न केलेले प्रश्न, उतारे, उत्तरं कुणालाही कोणत्याही मार्गाने सांगायची नाहीत. त्यावरून स्कोअर रद्द होऊ शकतो, पुढच्या परीक्षांना बंदीही येऊ शकते. तू रद्द करायचा की नाही यावर रात्र जागून काढलीस, आणि ही फाइल तुला न विचारता तोच निकाल लावू शकते.

हा नियम उगाच केलेला नाही. प्रश्न तयार करायला वेळ लागतो, ते आधी तपासावे लागतात, आणि ते पुन्हा वापरले जाऊ शकतात. २०१३ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियात प्रश्न आधीच फुटल्याच्या संशयावरून संपूर्ण देशातली एसएटी रद्द झाली होती. ज्यांनी काहीही केलं नव्हतं अशा मुलांचीही परीक्षा गेली. तुमच्या सहा जणींच्या मनात असं काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण फाइल एकदा फिरायला लागली की ती सहा जणींची राहत नाही. ग्रुपवर एवढंच लिही: "मी यातून बाहेर पडतेय, नियमात बसत नाही, तुम्हीही काढून टाका." कुणाची तक्रार करायला मी सांगत नाही. 'पेपर कसा गेला, दमलीस का, भूक लागली का' हे सगळं बोलायला पूर्ण मोकळीक आहे.

'पण प्रश्नच चुकीचा असला तर?' असं एका वाचकाने मागे विचारलं होतं. तसं घडतं. २०१२ साली न्यू यॉर्क राज्यात आठवीच्या वाचनाच्या परीक्षेत बोलणारं अननस सशाशी शर्यत लावतं असा एक उतारा आला होता. शेवटी प्राणी ते अननस खाऊन टाकतात. का खाल्लं आणि सर्वांत शहाणा प्राणी कोण, यावर मुलं, पालक, शिक्षक सगळेच गोंधळले, आणि ते प्रश्न न मोजण्याचा निर्णय राज्याला घ्यावा लागला. मुलांचं म्हणणं योग्य होतं आणि ते ऐकलं गेलं, याचा मला आनंद आहे. पण प्रश्नात खरी चूक दिसली तर केंद्रावरच्या पर्यवेक्षकांना तिथल्या तिथे सांगायचं आणि नंतर कॉलेज बोर्डाला लिहायचं. दोन पर्याय जवळजवळचे वाटले, म्हणजे प्रश्न चुकीचा, असं होत नाही. जवळजवळचे वाटावेत असेच ते केलेले असतात.

एवढं सगळं सांगूनही मला तुमचं भांडण वाया जाऊ द्यायचं नाही. सहा मुली एका परिच्छेदाचा अर्थ काय यावर अर्धा तास तळमळीने बोलतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. ते बोलणं उतारा समोर नसताना झालं, एवढंच त्यात बिघडलं. ते उतारा समोर ठेवून करा. परीक्षा ज्या ब्लूबुक अॅपवर दिलीस त्यातच पूर्ण सराव परीक्षा मोफत आहेत, कॉलेज बोर्डाचा प्रश्नसंचही मोफत आहे, खान अकॅडमी या मोफत शिकवणाऱ्या संकेतस्थळावरही सराव आहे. त्यांवर कितीही चर्चा करा, कुणी हरकत घेणार नाही.

कसं करायचं तेही सांगते. तिघी बसा, सहा फार होतात, दोघी बोलतात आणि चौघी माना हलवतात. प्रत्येकीने तोच प्रश्न वेगळा, न बोलता सोडवायचा आणि उत्तर कागदावर लिहायचं. मग उघड करायचं. ज्या प्रश्नावर तिघींचं एकमत झालं तोही सोडून देऊ नका, वरच्या पक्ष्यांच्या उदाहरणावरून तुला कळलं असेल की एकमतातही चूक लपते. प्रत्येकीने आपल्या उत्तराला आधार देणारी ओळ दाखवायची. 'एकूण तसं वाटतं' हे चालणार नाही. नंतर उरलेले तीन पर्याय का बाद, ते प्रत्येकी एक शब्द दाखवून सांगायचं: इथे 'नेहमी' आहे आणि उताऱ्यात 'बहुधा' आहे, इथे लेखकाचं मत म्हटलंय, पण उताऱ्यात ते टीकाकाराचं आहे, इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. बहुमताने काहीही ठरवायचं नाही. तिघींपैकी एकीकडेच ओळ असेल तर ती एकटी जिंकते. हे सगळं झाल्यावरच उत्तरसूची उघडायची. उत्तर चुकलं तर आपण नेमक्या कोणत्या शब्दावरून घसरलो ते वहीत लिहायचं. एका बैठकीत दहा प्रश्न झाले तरी पुष्कळ. मुलं शंभर प्रश्न सोडवतात आणि नुसते बरोबर-चूक मोजून उठतात, त्यापेक्षा हे मला कितीतरी चांगलं वाटतं.

आईबाबांना हे पत्र वाचायला दे. आईचं बरोबर आहे. बाबांचा हेतू चांगला आहे, पण बाकीच्यांना पेपर कसा गेला यावरून तुझा कसा गेला हे या परीक्षेत खरंच कळत नाही. ज्यांना दुसरं मॉड्यूल अवघड मिळालं त्या रडत बाहेर येतात आणि कधीकधी त्यांचाच स्कोअर वर असतो. अवघड वाटलं म्हणजे अवघडच मॉड्यूल मिळालं असेल, हेही ठामपणे सांगता येत नाही. बाबांनी विचारायचंच असेल तर 'मेची तारीख धरून ठेवायची का?' हे विचारावं. त्याचं उत्तर हो असं आहे. नोंदणी करून ठेवा.

स्कोअर साधारण दोन आठवड्यांत येईल. आल्यावर आधी एकूण आकडा बघशीलच, ते स्वाभाविक आहे. पण नंतर वाचन-लेखनाखाली चार प्रकारांपुढे भरलेल्या पट्ट्या दिसतील, त्या नीट बघ. माहिती आणि कल्पना समजण्याची पट्टी कमी भरली असेल तर वर सांगितलेली बैठक सुरू करा. व्याकरणाची कमी असेल तर मैत्रिणींची गरज नाही, नियम थोडेच आहेत आणि ते एकटीने पाठ होतात. इथे जन्मलेल्या मुलींशी तुलना करून तुझ्या मनात जी भीती बसली आहे ती कोणत्या पट्टीत खरी आहे आणि कोणत्या पट्टीत नाही, ते तिथे लिहिलेलं असेल.

राहिली तुझी मैत्रीण. तिचं उत्तर चुकलं होतं की नाही हे तुला माहीत नाही, माहीत असणं शक्यच नव्हतं. पण तिला लागलं ते त्यापेक्षा वेगळं आहे: परीक्षा देऊन दमलेली असताना, सगळ्यांसमोर, आणि तेही तुझ्याकडून ते आलं. तिला मेसेज करू नकोस, फोन कर. उत्तराचा विषय काढू नकोस, 'मला तसं म्हणायचं नव्हतं' असंही म्हणू नकोस, कारण तेव्हा तुला तसंच म्हणायचं होतं. 'मी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं, माझं चुकलं,' एवढं म्हण आणि ती काय म्हणते ते ऐक. लगेच बोलली नाही तर दोन दिवसांनी पुन्हा कर. आणि हे स्कोअर येण्याआधी कर. आकडे आल्यावर तुझा तिच्यापेक्षा जास्त असला तर तुझी माफी तिला दया वाटेल, आणि कमी असला तर हरल्यावर सुचलेली वाटेल.

– ताई